सैल सळया

काका गेले तेव्हा मला नोकरी लागून जेमतेम वर्ष झालं होतं.

ते सख्खे काका नव्हेत. इंदुरात, परदेशीपुऱ्यात, आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर होतं, आणि ते नि बाबा एकाच कापड मिलमध्ये होते. बाबा टाइम ऑफिसात कारकून, काका मेकॅनिक खात्यात फिटर. बाबांना माणसं टोकन नंबरावरून लक्षात राहायची. नाव विचारलं की क्षणभर थांबायचे. काकांनाही ते नंबरानंच हाक मारत, आणि काका "हाजिर, साहेब!" म्हणत आमच्या पायरीवर चहाला येऊन बसत. उंच, काटकुळे, हाताला कायम ग्रीसचा वास. बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी. मला ते लहानपणापासून 'बेटा' म्हणायचे. मी इंजिनिअरिंगला गेले तशी 'इंजीनियर बाई' म्हणायला लागले, आणि ते ऐकायला आजूबाजूला कोणी आहे ना हे आधी बघून घ्यायचे.

नव्वदीच्या सुरुवातीची ती वर्षं. दिल्लीत नवी धोरणं आली होती, टीव्हीवर नवे चॅनल आले होते, आणि आमच्या भागात एकेक मिल बंद पडत चालली होती. आमची आधी 'काही दिवसांपुरती' बंद झाली. मग वीज तोडली. मग प्रकरण कोर्टात गेलं आणि फाटकाला लाखेचं सील लागलं. कोर्टानं लिक्विडेटर नेमला, म्हणजे बंद कंपनीचं होतं नव्हतं ते विकून देणी भागवणारा अधिकारी. कामगारांनी फाटकासमोर कनाती लावून तंबू ठोकला आणि धरणं धरलं. बाबा रोज सकाळी जेवून तिथं जाऊन बसायचे. कोण आलं, कोण नाही आलं, हे संध्याकाळी आईला सांगायचे. आई ऐकून घ्यायची आणि पोळ्या लाटत राहायची.

काका धरण्यावर फार बसत नसत. "बसून बसून कमर जाम होते, भिया," म्हणायचे. उन्हाळ्यात लोकांचे कूलर दुरुस्त करायचे, कोणाचं शटर, कोणाचा पंप. पण त्यांचा जीव अडकलेला होता झांकीत. अनंत चतुर्दशीला इंदुरात मिलच्या झांक्या निघतात. ट्रकवर उभे केलेले, हजारो दिव्यांनी मढवलेले हलते देखावे. अख्खं शहर रस्त्याच्या कडेला सतरंज्या टाकून त्यांची वाट बघतं. आमच्या मिलच्या झांकीचा लोखंडी सांगाडा दर वर्षी काका बनवायचे. हत्तीची सोंड वर जायची, देवीचा हात फिरायचा, ते सगळं त्यांच्या डोक्यातून आलेलं. मिरवणूक संपली की दुसऱ्या दिवशी सांगाडा सुटा करायचा. तेव्हा आम्ही मुलं भोवती उभी असायचो. काका पान्यानं नट सोडवायचे, सळई बाजूला ठेवायचे आणि तो नट लगेच परत त्याच्या बोल्टवर दोन आटे फिरवून ठेवायचे. प्रत्येक नट. मी एकदा विचारलं, कशाला इतका वेळ घालवता? तर म्हणाले, "जोडी आहे ना त्यांची. जोडी तोडली की दोघं बेकार."

मिल बंद झाल्यावर पहिल्या वर्षी लोकांनी वर्गणी काढून झांकी निघाली. दुसऱ्या वर्षी अडचण वेगळीच होती. जुने सांगाडे मिलच्या आतल्या गोदामात होते आणि गोदामाला सील. लिक्विडेटरच्या ऑफिसात बाबा नि काका दोनदा जाऊन आले. तिथल्या माणसानं सांगितलं की आतला खिळासुद्धा आता कोर्टाचा आहे. काका परत येऊन पायरीवर बसले. चहा घेतला नाही. "हमने बनाया और हमारा ही नहीं," एवढंच म्हणाले. ते असं सरळ हिंदीत बोलले की मनाला लागलेलं असायचं.

माझं ऑफिस स्नेहलतागंजात होतं, एका कापडाच्या दुकानाच्या वर. स्ट्रक्चरल डिझाइनचं काम. सर साठीच्या जवळ आलेले; त्यांच्या घराण्यातले लोक संस्थानच्या काळात सरकारी बांधकामं बघायचे. मोजकं बोलायचे, आणि बोलायचे ते बहुतेक प्रश्नच. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "आंधीत पत्रा उडतो. का?"

"वारा ढकलतो म्हणून."

"खिडकीजवळ या." त्यांनी टेबलावरचा एक कागद घेतला, त्याची एक कड ओठाशी धरली आणि कागदावरून फुंकर मारली. खाली लोंबणारा कागद वर उचलला गेला. "छपरावरून जाणारा वारा पत्र्याला वर ओढतो. आणि खिडक्या फुटलेल्या असतील तर तोच वारा आत शिरून खालून ढकलतो. वरून ओढ, खालून ढकल. छप्पर जड असून भागत नाही, ते खाली नीट बांधलेलं लागतं."

ते वर्ष कामाचं होतं. शहरात नवी कॉम्प्लेक्स उभी राहत होती, सगळ्यांना घाई होती, आणि मे महिना लागला की सगळ्यांच्या वरच्या मजल्याच्या भिंतींना स्लॅबखाली आडव्या चिरा पडायच्या. बिल्डर तावातावानं ऑफिसात यायचे. सर त्यांना शांतपणे सांगायचे की स्लॅब उन्हानं लांब होते, तिला सरकायला जागा ठेवली नाही तर ती भिंतीला बरोबर घेऊन सरकते. मला ते सगळं नवं आणि फार आवडीचं होतं. सकाळी सायकलवरून निघताना आमच्या घरासमोर एक बंद पडलेली मिल आहे, बाबा तंबूकडे निघालेत, हे माझ्या मनात नसायचं. डोक्यात आकडे असायचे.

त्या वर्षीचा मे संपत आला होता. दुपारनंतर आकाश पिवळं झालं आणि आंधी आली. दरवर्षी येते तशीच: आधी धूळ, मग होर्डिंगांचे पत्रे वाजायला लागले, मग गारठा. आम्ही ऑफिसच्या खिडक्या लावून घेतल्या. अर्ध्या तासात सगळं निवळलं, थोडे टपोरे थेंब पडले. दुकानदारानं वर येऊन सांगितलं की परदेशीपुऱ्याकडे एका मिलची शेड बसली, माणसं आत होती.

मी पोचले तेव्हा फाटकासमोरचा तंबू नव्हताच. कनाती समोरच्या तारांवर लटकत होत्या. बाबा रस्त्याच्या कडेला उभे होते, डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं पांढरे. मी त्यांना हात लावला तर म्हणाले, "मी आत नव्हतो. मी पानाच्या दुकानात होतो." हेच त्यांनी पुन्हा सांगितलं, आणि पुन्हा.

काय झालं ते मला रिंग खात्यातल्या, म्हणजे सूतकताईच्या, एका माणसाकडून कळलं. त्याचा दंड मोडला होता आणि तो हातगाडीवर बसून होता. आंधीत तंबू उडाला तसे तिथले पाच-सहा जण आसऱ्याला मिलच्या मागच्या भिंतीकडे धावले. तिथं भिंतीला खिंडार होतं, त्यातून ते विणाईच्या शेडमध्ये शिरले. काकाही त्यांच्यात होते. त्या दिवशी नेमके ते तंबूत आले होते. आत गेल्यावर थोडा वेळ सगळे उभे राहिले. वर पत्रे आपटत होते.

"मग लोखंड बोलायला लागलं, बाई," तो म्हणाला. "कर्र, कर्र. आम्ही म्हटलं आंधी आहे, होणारच. पण तुमच्या काकांनी वर पाहिलं, आणि त्यांचा चेहराच बदलला. बोलले, बाहेर चला, बाहेर. कोणी हलेना, बाहेर तर वीज पडत होती. तर त्यांनी धक्के देऊन देऊन काढलं आम्हाला. मला शिवी दिली. आजवर कधी शिवी दिली नव्हती त्यांनी."

सगळे खिंडारापर्यंत पोचले. काका सगळ्यांत मागे होते.

काकूंना मी आणि आईनं धरून बसवलं होतं. त्या रडल्या नाहीत. आलेल्या प्रत्येकाला जागा करून देत होत्या.

आठ-दहा दिवसांनी सरांनी मला त्यांच्या टेबलाशी बोलावलं. लिक्विडेटरच्या ऑफिसातून पत्र होतं: शेड का पडली याचा तांत्रिक अहवाल हवा. कामगार संघटनेनं काकांच्या मृत्यूबद्दल भरपाई मागितली होती, आणि ती द्यायची की नाही हे अहवालावर ठरणार होतं.

"तुमच्या घराजवळची मिल," सर म्हणाले. "तुम्ही येता?"

"जे गेले ते आमचे शेजारी होते, सर."

त्यांनी चष्मा काढला. "मग येऊ नका. मी एकटा जाईन. यात काही वाईट नाही."

मी रात्रभर विचार केला असं म्हणायला हरकत नाही, पण खरं म्हणजे मी तिथंच, उभ्या उभ्याच 'येते' म्हणाले. वाटलं, दुसऱ्या कोणी बघण्यापेक्षा मी बघावं.

मिलच्या आत मी लहानपणी विश्वकर्मा पूजेला जायची. तेव्हा त्या शेडमध्ये सांच्यांचा, म्हणजे मागांचा, आवाज इतका असायचा की बाबा खुणेनं बोलायचे. आता सांचे विकून झाले होते, फरशीवर त्यांच्या पायांचे चौकोनी डाग होते. अर्धी शेड उभी होती आणि अर्धी आडवी. छप्पर करवतीच्या दात्यांसारखं, म्हणजे एका बाजूला उतार नि दुसऱ्या बाजूला उभ्या काचा. उजेड यावा, ऊन येऊ नये म्हणून गिरण्यांची छपरं तशी करायचे. काचा जवळजवळ सगळ्या फुटलेल्या होत्या. छपराखालच्या लोखंडी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटी, एकामागून एक, सगळ्या एकाच दिशेला पडल्या होत्या. सर बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभे राहिले.

"कैच्या मोडलेल्या नाहीत," मग ते म्हणाले. "पाहा. एकही अँगल मध्ये वाकलेला नाही. त्या फक्त आडव्या झाल्या. आडवं कोण होऊ देत नाही त्यांना?"

उत्तर मला पाठ होतं. कैची आपल्या वजनाला समर्थ असते, पण उभ्या ठेवलेल्या पुस्तकासारखी ती बाजूला कलंडू शकते. म्हणून शेडच्या दोन्ही टोकांना, खांबाखांबांत आणि छपरात, तिरक्या सळया फुलीसारख्या लावतात. वारा नसतो तेव्हा त्या सळयांवर जवळजवळ काहीच भार नसतो. वर्षातले बहुतेक दिवस त्या नुसत्या असतात. वारा आला किंवा जमीन हलली, की सगळा आडवा जोर त्यांच्यातून जमिनीत उतरतो.

आम्ही टोकाच्या खांबांपाशी गेलो. सळया नव्हत्या. खांबांना जोडलेल्या लोखंडी पट्ट्या जागच्या जागी होत्या, त्यांची भोकं रिकामी होती. सर म्हणाले, "गंजून पडल्या असतील तर खाली दिसायला हव्यात." मी वाकून पाहिलं. दुसऱ्या खांबाच्या पायाशी बोल्ट ओळीनं ठेवलेले होते, आणि प्रत्येक बोल्टवर त्याचा नट दोन आटे फिरवून बसवलेला होता.

मी तिथंच खाली बसले. सरांना वाटलं मला ऊन लागलं. त्यांनी आपल्या थर्मासमधलं पाणी दिलं.

नंतर काही वेळानं मी त्यांना सांगितलं की सळया कोणी काढल्या ते मला माहीत आहे. त्यांनी विचारलं, "बघितलं होतंत?" मी नाही म्हटलं. "मग तुम्हाला माहीत नाही," ते म्हणाले. "सळया नाहीत, एवढं माहीत आहे. तेवढंच लिहायचं." मग थोडं चालून ते थांबले. "फिटर होता ना तो? फिटरला कळायला हवं होतं, असं म्हणतील लोक. पण मे महिन्यात त्यानं हात लावून पाहिला असेल. पत्र्याखाली दुपारी पातळ सळई झपाट्यानं तापते, लांब होते. जाड खांब तितका तापत नाही. सळई सैल होऊन लोंबते. हातानं हलवली तर खुळखुळते. त्याला वाटलं असेल, हिच्यावर काही भार नाही. आणि त्या वेळी भार नव्हताही."

त्या दिवशी घरी आले तर बाबा पायरीवर बसले होते. आता तिथं ते एकटेच बसायचे.

"काय बघितलं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. सगळं ऐकल्यावर ते म्हणाले, "वारा लिही."

"वारा तर होताच, बाबा. पण तो दरवर्षीचा वारा. ती शेड त्यात इतकी वर्षं उभी होती."

"काचा फुटलेल्या. मिल बंद झाल्यापासून कोणी रंग नाही लावला, तेल नाही. ते लिही."

"तेही लिहिणार."

"मग बस झालं ना तेवढं!" त्यांचा आवाज चढला. आई दारात आली. बाबा खाली बघून बोलायला लागले. "मीच विचारलं होतं त्याला. झांकीला लोखंड कुठून आणणार? तो बोलला, आत कितीतरी बेकार पडलंय, साहेब, कोणाच्या काहीच कामाचं नाही. जे भार उचलतं त्याला हात नाही लावणार. मी बोललो, बघ बाबा तुझं तू." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "चोर म्हणतील त्याला. समजतंय तुला? तीस वर्षं त्याची हजेरी मी लावली. एक दिवस लेट नाही."

मी म्हटलं की अहवालात कोणाचं नाव येणार नाही. ते म्हणाले, "नाव कशाला पाहिजे? अख्खा परदेशीपुरा ओळखेल." आणि उठून आत गेले.

अहवाल जाण्याआधी काकूंना माझ्या तोंडून कळलं पाहिजे, एवढं मात्र मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. मी बसले, आणि कुठून सुरुवात करावी हे न कळून सळया म्हणजे काय इथपासून सांगायला लागले. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"त्यांच्या शर्टाचा गंज निघत नव्हता गं," त्या म्हणाल्या. "महिनाभर. मी ओरडले पण, की कूलरच्या कामाला इतका गंज कुठून येतो? तर हसले. बोलले, या साली हत्ती नाही, जहाज बनवतोय." थोडा वेळ तांदळात बोटं तशीच राहिली. "माझ्यासाठी एक पैसा नाही आणला त्यातनं. ते विकत असते तर मी घरात घेतलं नसतं."

"मला माहीत आहे, काकू."

"तू लिही जे आहे ते. तुला खोटं लिहायला लावून मी काय करू? पण त्यांनी माणसं बाहेर काढली, हे पण लिही."

मी हो म्हटलं, आणि ऑफिसात जाईपर्यंत मला समजत होतं की शेडच्या अहवालात हे कुठंच बसत नाही. सरांना विचारलं. "तो आपला विषय नाही," ते लगेच म्हणाले, आणि मी जागेवर येऊन बसले. टाइपरायटरवर अहवाल टाइप होत होता. दुपारी त्यांनी शेवटचं पान परत मागवलं. संध्याकाळी मी ते वाचलं तेव्हा त्यात एक वाक्य वाढलं होतं: शेड एकदम कोसळली नाही, आधी काही काळ आवाज येत होते, आणि उपस्थित असलेल्या एका अनुभवी कामगारानं धोका ओळखून इतरांना वेळेत बाहेर काढल्यावरून हे सिद्ध होतं. सरांनी त्याला तांत्रिक कारण शोधलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं, तर ते दुसरं ड्रॉइंग उघडून बसले होते.

त्या वाक्यानं काही झालं नाही. लिक्विडेटरच्या ऑफिसानं अहवालातलं एवढंच उचललं की सळया जागेवर नव्हत्या, त्या बाहेरच्या माणसांनी काढल्या असं धरलं, आणि भरपाई नाकारली. काचा, गंज, भिंतीचं खिंडार, यांची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न कोणी विचारला नाही. संघटनेनं विचारला, पण तिच्याकडे वकील टिकत नव्हता. मग पोलीस आले. देवळामागच्या मोकळ्या जागेत ताडपत्रीखाली जहाजाचा सांगाडा उभा होता. पुढच्या टोकाची नाळ झाली होती, डोलकाठी व्हायची होती. त्यांनी पंचनामा करून तो तोडायला लावला. लोखंड ट्रकमध्ये भरलं आणि घेऊन गेले. शेजारीपाजारी घरांच्या दारांत उभे राहून बघत होते. कोणी माझ्याशी वाईट बोललं नाही. मात्र नळावर मी गेले की बायका बाजूला व्हायच्या आणि माझी बादली आधी लावू द्यायच्या, परक्या माणसाला देतात तशी.

त्या वर्षी आमच्या मिलची झांकी निघाली नाही.

काकू पावसाळ्यानंतर देवासला भावाकडे गेल्या. जाताना आईच्या गळ्यात पडून पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. घर कोणी दुसऱ्यानं भाड्यानं घेतलं.

बाबांनी धरण्यावर जाणं सोडलं. माझ्याशी ते भांडत नव्हते. पाणी दे, छत्री ने, उशीर होईल का, एवढं बोलायचे. पण पूर्वी संध्याकाळी मी ऑफिसातून आले की ते विचारायचे, "आज काय बांधलं?" ते बंद झालं. मी आपणहून काही सांगायला लागले की पेपर उचलायचे. मला राग यायचा आणि लगेच त्यांची वाकलेली मान दिसायची. आई म्हणायची, "तुझ्यावर नाही गं राग त्यांचा." मग कोणावर, हे तिनं कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. अशी काही वर्षं गेली. मिलची उरलेली शेड पाडली, जमीन मोजली गेली, मोठ्या पाट्या लागल्या. कामगारांना मिळायचं ते कोर्टात अडकून राहिलं. कित्येकांच्या बाबतीत ते शेवटी वारसांनाच मिळालं. माझं लग्न झालं. माझ्या भावानं राजेंद्र नगरात फ्लॅट घेतला आणि आई-बाबा त्याच्याकडे राहायला गेले.

मग दोन हजार एक सालची ती प्रजासत्ताक दिनाची सकाळ. सुट्टी म्हणून मी आदल्या दिवशीच भावाकडे आले होते. आई पोहे करत होती. मला आधी वाटलं चक्कर येतेय. मग कपाटाची दारं आपोआप वाजायला लागली, पंख्याचा दांडा झुलायला लागला, आणि वरच्या मजल्यावरून कोणी ओरडलं. कच्छ हादरलं होतं, हे संध्याकाळी टीव्हीवर कळलं. त्या वेळी एवढंच समजलं की जमीन हलतेय. भावानं मुलाला उचललं, मी आईला धरलं, बाबा चप्पल न घालता आमच्यामागून जिना उतरले.

खाली सगळी बिल्डिंग जमली होती. कोणी स्वेटरवर, कोणी टॉवेलात. कोणी म्हणे दिल्ली गेली, कोणी म्हणे बाँब. मला मात्र बिल्डिंगच दिसत होती. वरचे तीन मजले भिंतींनी भरलेले, ताठ. आणि खाली पार्किंग म्हणून नुसते खांब. अशा घरात जमीन हलली की वरचा भाग एकसंध राहतो आणि सगळी हालचाल खालच्या खांबांना सोसावी लागते. हे असं बांधू नका म्हणून आम्ही बिल्डरांशी वाद घालायचो, आणि पार्किंगशिवाय फ्लॅट विकला जात नाही म्हणून ते हसायचे. भावानं फ्लॅट घेताना मला विचारलं नव्हतं.

मी एकेका खांबापाशी गेले. वरच्या टोकाला, खालच्या टोकाला, हात फिरवून बघत. लोक माझ्याकडे बघायला लागले. प्लास्टरला एकदोन बारीक भेगा होत्या, पण त्यांच्यात जुनी धूळ बसलेली होती. ताजं काही नव्हतं. तरी पुढचा धक्का येणार नाही असं कोण सांगणार?

बाबा माझ्या मागं येऊन उभे होते. मला ते कळलंच नव्हतं.

"ही पडेल का?" त्यांनी विचारलं.

"आता तरी नाही, असं वाटतंय. पण पुन्हा हलू शकते."

"गॅसवर पोहे राहिलेत. बंद करायचा राहिला." ते वर बघत होते. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "अरे दादा, कुछ नहीं होता, चलो, मैं भी जा रहा हूँ," आणि जिन्याकडे निघाले. बाबा जागचे हलले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "तू सांग. जाऊ?"

"थांबा थोडं," मी म्हटलं. भाऊ मुलाला माझ्या हातात देऊन पळत जाऊन गॅस बंद करून आला. मी त्याच्यावर ओरडले. बाबा समोरच्या घराच्या ओट्यावर जाऊन बसले, उघडे पाय एकमेकांवर ठेवून. थंडी होती. मी माझी शाल त्यांच्या पायांवर टाकली आणि शेजारी बसले. शेडचा विषय त्यांनी पुढं दोन वर्षांनी ते जाईपर्यंत कधीच काढला नाही.

ऊन वर आलं. कुठूनतरी शाळेच्या लाउडस्पीकरवर झेंडावंदनाची गाणी सुरू झाली. लोक कंटाळून एकेक करत वर गेले, आईसुद्धा पोहे वाया जातील म्हणून गेली. बाबा मात्र मी "चला" म्हणेपर्यंत त्या ओट्यावरून उठले नाहीत.